बेटावरच्या पर्यटकांचे आकडे कसे वाचायचे आणि लोक नक्की राहतात कुठे ते कसं शोधायचं

बेटावरचे पर्यटक मोजणं सगळ्यात सोपं असणार असं वाटतं, कारण बेटाला दारं मोजकीच. एक विमानतळ, दोन-चार जेट्टी, झालं. आत आला तो मोजला. पण गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या बेटांच्या पर्यटन खात्यांचे महिन्याचे रिपोर्ट उतरवून घेते, एक्सेलमध्ये टाकते, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली की दारात मोजलेला माणूस वेगळा आणि रात्री बेटावर पाठ टेकवणारा माणूस वेगळा. खोल्या पुरतायत का, हॉटेलं रिकामी पडतायत का, लोक घरगुती जागांकडे वळलेत का, हे सगळं त्या दुसऱ्या आकड्यात असतं. बातमीत मात्र पहिला येतो. दुसरा आपल्याला बसून काढावा लागतो, आणि तो काढायला फार काही लागत नाही, गुणाकार भागाकार येत असला तरी बास.

कुणाला उपयोग होईल? प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना, बेटावर खोल्या काढायच्या विचारात असलेल्यांना, आणि गर्दी कधी कमी असते ते बघून जाणाऱ्यांनाही.

मोजलं कुणी आणि कुठल्या दारात

आकडा हातात आला की तो लगेच शीटमध्ये टाकायचा नाही. आधी रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात व्याख्या दिलेल्या असतात त्या वाचायच्या. कंटाळवाणं काम आहे पण अर्ध्या चुका इथेच टळतात.

आइसलँडचं बघा. तिथला नेहमी सांगितला जाणारा आकडा केफ्लाविक या मुख्य विमानतळावरचा, आणि तो येताना नाही, परत जाताना मोजतात, परदेशी पासपोर्टवाले किती जण देशाबाहेर गेले असा. म्हणजे त्यात तिथेच नोकरी करणारा आणि सुट्टीला घरी निघालेला परदेशी माणूसही येऊ शकतो, दोन वेगवेगळी तिकिटं काढून तिथे फक्त विमान बदलणाराही येऊ शकतो, आणि बोटीने किंवा क्रूझने आलेला यात नसतोच. आकडा खोटा नाही, पण "पर्यटक" म्हणून आपल्या डोक्यात जे चित्र असतं त्याच्याशी तो तंतोतंत जुळत नाही.

बालीचं उदाहरण तर मी सगळ्यांना सांगते. २०१९ मध्ये बालीत साधारण ६२-६३ लाख परदेशी पर्यटक आले आणि २०२१ च्या अख्ख्या वर्षात सरकारी नोंद जेमतेम पन्नासेक माणसांची! पन्नास हजार नाही, पन्नास. कारण हा आकडा परदेशातून थेट बालीत उतरणाऱ्यांचा आहे, आणि त्या वर्षी परदेशी विमानं थेट तिथे येणं जवळजवळ बंदच होतं, नोंदले गेले ते बहुतेक शिडाच्या बोटींनी आलेले. जकार्तात उतरून पुढे देशांतर्गत विमानाने बालीत गेलेला परदेशी माणूस या रकान्यात येत नाही. आणि देशातलेच पर्यटक तर पूर्ण वेगळ्या तक्त्यात असतात, २०१९ मध्ये ते १ कोटीच्या वर होते, म्हणजे परदेशींपेक्षा जास्त. नुसता परदेशी आकडा घेऊन बालीतल्या खोल्यांचा हिशेब मांडला तर तो चुकणारच.

अजून एक, द्वीपसमूह असेल तर बेटवार आकड्यांची बेरीज करायची नाही. मी सुरुवातीला हवाईच्या बाबतीत हेच केलं होतं. २०१९ ला ओआहूवर ६२ लाखांच्या आसपास, माउईवर ३१ लाखांच्या आसपास, हवाई याच नावाच्या बेटावर साडेसतरा-अठरा लाख, कवाईवर पावणेचौदा लाख, बेरीज जाते १ कोटी २४ लाखांच्या घरात, आणि पूर्ण राज्याचा आकडा आहे साधारण १ कोटी ४ लाख. हे वरचे वीस लाख आले कुठून? तर एकच माणूस दोन बेटं फिरला की तो दोन्हीकडे मोजला जातो. दोन्ही आकडे बरोबर, बेरीज चूक.

रात्रीचा मुक्काम आहे की नाही

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन आकडेवारीच्या व्याख्येत किमान एक रात्र मुक्काम केला तरच तो "पर्यटक", त्याच दिवशी परत गेला तर तो दिवसापुरता आलेला पाहुणा. क्रूझवरून उतरून रात्री परत जहाजावर झोपणारा दुसऱ्या गटातला. बेटांच्या बाबतीत हा फरक प्रचंड मोठा असतो, बाकी कुठे नसेल एवढा.

बहामाने २०२४ साठी १ कोटी १२ लाख आगमनं सांगितली. ऐकून वाटतं केवढी हॉटेलं लागत असतील. पण त्यातले ९० लाखांच्या वर समुद्रातून आलेले आणि ते जवळजवळ सगळे क्रूझवाले, विमानाने आलेले सतरा लाखांच्या आसपास. गादी-उशी लागते ती मुख्यतः या सतरा लाखांना. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पण तेच, वस्ती साधारण साडेपंधरा हजार आणि क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घालावी लागली इतकी दुपारची गर्दी, पण संध्याकाळी जहाजं गेली की ती माणसं पण गेली, त्यांच्यामुळे एक खोली भरत नाही. म्हणून शीटमध्ये पहिल्या दिवसापासून दोन वेगळे कॉलम ठेवा, मुक्कामी आणि दिवसापुरते. दोन्ही एकत्र दिलेला आकडा असेल आणि फोड मिळत नसेल तर तो राहण्याच्या हिशेबात वापरूच नका.

आता गुणाकार

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुक्कामी पर्यटक गुणिले सरासरी मुक्काम बरोबर एकूण रात्री. त्याला ३६५ ने भागलं की रोज रात्री सरासरी किती पर्यटक बेटावर झोपलेले असतात ते येतं.

मालदीव घेऊ. २०१९ मध्ये साधारण १७ लाख ३ हजार लोक आले, सरासरी मुक्काम ६.३ दिवसांच्या आसपास. गुणाकार केला तर १ कोटी ७ लाख रात्री, म्हणजे रोज रात्री साडेएकोणतीस हजारांच्या जवळपास माणसं. २०२३ ला आले १८ लाख ७८ हजार, मुक्काम ७.६ च्या आसपास. गुणाकार करा, १ कोटी ४२-४३ लाख रात्री, रोज एकोणचाळीस हजार माणसं. आता बघा, येणारे लोक वाढले फक्त १० टक्के, पण रात्री वाढल्या ३३ टक्के. बातमी वाचणारा म्हणेल कोविडच्या आधीपेक्षा थोडे जास्त आले, आणि तिथे चादरी बदलणारा माणूस म्हणेल की काम एक तृतीयांशाने वाढलंय. दोघं एकाच बेटांबद्दल बोलतायत. मला स्वतःला हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा परत परत तपासून बघावासा वाटला होता.

उलटंही होतं. आगमनं वाढतात आणि मुक्काम घटतो, कारण स्वस्त विमानं सुरू झाली, लोक शनिवार-रविवार जोडून येऊ लागले, मग आकडा विक्रमी दिसतो आणि हॉटेलवाला सांगतो की मधले चार दिवस रिकामे जातात. तो खोटं बोलत नाहीये.

सरासरी मुक्काम "दिवस" आहे की "रात्री" ते पण तपासा. पाच दिवस म्हणजे चार रात्री असं धरणारे रिपोर्ट असतात, आणि एवढ्याने हिशेब वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होतो.

कशाशी तुलना करायची

मागच्या महिन्याशी कधीच नाही. बेटांना सीझन असतो, पाऊस, वारा, समुद्र खवळणं, शाळांच्या सुट्ट्या, त्यामुळे मे ची तुलना मे शीच. त्यातही ईस्टर कधी मार्चमध्ये येतो कधी एप्रिलमध्ये, चिनी नववर्ष कधी जानेवारीत कधी फेब्रुवारीत, आणि २०२४ च्या फेब्रुवारीला २९ दिवस होते हे विसरून लोक "फेब्रुवारीत वाढ" असं लिहितात. यावर सोपा उपाय म्हणजे मागच्या बारा महिन्यांची चालती बेरीज. दर महिन्याला एक महिना पुढे घ्यायचा, एक मागचा सोडायचा. ग्राफ काढला की सीझनचे चढउतार निघून जातात आणि खरा कल दिसतो.

दुसरी गोष्ट, टक्केवारी वाचताना खालचा आकडा, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली तो, बघा. बालीचे ते पन्नास आणि २०२२ चे २१ लाख, याची टक्केवारी काढली तर ती लाखांत जाईल, आणि तिला काही अर्थ नाही. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तुलनेसाठी घ्यायचीच नाहीत, २०१९ किंवा २०१८ घ्या. पण तिथेही आंधळेपणाने नको. श्रीलंकेचं २०१९ हे चांगलं वर्ष नव्हतं, एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि मे २०१९ मध्ये जेमतेम ३८ हजार पर्यटक आले, आदल्या मे मध्ये १ लाख २९ हजार होते. श्रीलंकेसाठी २०१८ धरायचं, तेव्हा २३ लाख ३३ हजार होते. २०२४ ला ते २० लाख ५० हजारांवर आलं, म्हणजे २०१९ शी तुलना केली तर "पुढे गेलं" आणि २०१८ शी केली तर "अजून मागे आहे". रिपोर्टमध्ये कुठलं वर्ष निवडलंय ते बघत जा. आइसलँडचं २०१९ पण असंच घसरलेलं वर्ष, मार्चमध्ये वॉव एअर ही कंपनी बुडाली आणि त्या वर्षी पर्यटक २३ लाखांवरून २० लाखांच्या आसपास आले. एक विमान कंपनी गेली की बेटाचा दरवाजाच अरुंद होतो, त्यामुळे आगमनांच्या शेजारी विमानातल्या सीटांचा कॉलम असावा असं माझं ठाम मत आहे.

कुठून येतात

यावर थोडक्यात, कारण काम सरळ आहे. देशवार तक्ता घ्या, वरच्या एका देशाचा वाटा किती आणि वरच्या पाचांचा किती ते काढा. एकाच देशावर बेट टेकलेलं असेल तर ती धोक्याची खूण. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर २०१६ मध्ये ३० लाख चिनी पर्यटक आले होते, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून दोन देशांत तणाव झाला आणि २०१७ मध्ये ते साडेसात लाखांच्या घरात आले. एका वर्षात. मालदीवला २०२३ मध्ये भारत पहिल्या नंबरचा देश होता, २०२४ च्या सुरुवातीला वाद झाला आणि त्या वर्षी पहिला नंबर चीनचा, भारत बराच खाली. पण एकूण आगमनं त्याच वर्षी २० लाखांच्या वर गेली, कारण बाकीचे देश होते. जेजूला तेव्हा देशातल्या पर्यटकांनी सांभाळून घेतलं.

राहण्याच्या जागेशी याचा थेट संबंध आहे. लांबून आलेला माणूस आठ-दहा दिवस राहतो आणि कधीकधी दोन प्रकारच्या जागा घेतो, जवळचा तीन दिवसांत परत जातो. चार-पाच जणांच्या कुटुंबाला स्वयंपाकघर असलेली जागा बरी वाटते. देशांचं मिश्रण बदललं की राहण्याचं मिश्रण बदलतं, आणि लोक मात्र म्हणतात की "हल्ली लोकांची आवड बदलली". आवड तीच असते बरेचदा, माणसं बदललेली असतात.

राहतात कुठे: पाट्या मोजू नका, बेड मोजा

मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ ला सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पद्धत अशी होती की एक बेट एक रिसॉर्ट, वस्तीच्या बेटांवर पर्यटकांनी राहायचं नाही. २००९ च्या सुमारास नियम बदलले आणि वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस आली, माफुशीसारखी बेटं त्यावरच वर आली. २०२३ चं चित्र असं होतं की रिसॉर्ट पावणेदोनशेच्या आसपास आणि गेस्टहाऊस आठशेच्या वर. हे वाचून कुणीही म्हणेल की रिसॉर्टचे दिवस गेले. पण एका रिसॉर्टमध्ये सरासरी दोनशेच्या वर बेड आणि एका गेस्टहाऊसमध्ये पंधरा-वीस, त्यामुळे बेड मोजले तर साधारण दोन तृतीयांश तेव्हाही रिसॉर्टकडेच होते. गेस्टहाऊसची वाढ खरी आहे आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते, कारण तो पैसा गावातल्या घरात जातो, पण वाढ दाखवायला चुकीचं माप वापरलं तर पुढचा सगळा अंदाज चुकतो.

मग बेडवरून ऑक्युपन्सीकडे या, म्हणजे असलेल्या जागांपैकी किती टक्के भरल्या त्याकडे. इथे तीन गोष्टी तपासा. ऑक्युपन्सी खोल्यांची आहे की बेडची, कारण तीन बेडच्या खोलीत दोघं झोपले तर खोली पूर्ण भरलेली आणि बेड दोन तृतीयांशच. बेड नोंदणीतले सगळे धरलेत की फक्त सुरू असलेले, डागडुजीला बंद असलेलं अख्खं रिसॉर्ट नोंदणीत असतंच. आणि बेड वाढलेत का. समजा एका बेटावर १,००० बेड आहेत आणि ७० टक्के भरतात, म्हणजे रोज ७०० माणसं. पुढच्या वर्षी बेड १,३०० झाले आणि ऑक्युपन्सी ६० टक्क्यांवर आली. हेडलाइन येते ऑक्युपन्सी घसरली, पण माणसं झाली ७८०. बेटासाठी वाढ, प्रत्येक मालकासाठी घट. नवीन खोल्या काढायच्या विचारात असाल तर हीच दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

जागेची निवड कधीकधी निवड नसतेच हेही लक्षात ठेवा. मालदीवमधली सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारनंतर उशिरा उतरलेल्या माणसाचं रिसॉर्ट लांबच्या अॅटॉलवर (प्रवाळ बेटांच्या कड्यावर) असेल तर त्याला ती रात्र विमानतळाजवळ, राजधानी मालेत किंवा शेजारच्या हुळुमालेत काढावी लागते. आकड्यांत तो गेस्टहाऊसचा किंवा हॉटेलचा एक रात्रीचा ग्राहक दिसतो, पण त्याने निवडलं होतं रिसॉर्ट. विमानांच्या वेळा बदलल्या की हे बेड रिकामे. म्हणून जागेच्या प्रकारासोबत त्या त्या प्रकारातला सरासरी मुक्काम मिळाला तर जरूर घ्या, एक रात्रीवाले बरेच असतील तर ते विमानतळाचं गिऱ्हाईक आहे.

भाड्याची घरं, जिथे सरकारी आकडा संपतो

ही सगळ्यात अवघड जागा. युरोपात हॉटेलांच्या आकडेवारीच्या नियमात दहापेक्षा कमी बेडच्या जागा सोडून द्यायची मुभा आहे, आणि छोट्या बेटांवर नेमक्या अशाच जागा जास्त. म्हणून युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने एअरबीएनबी, बुकिंग, एक्सपीडिया आणि ट्रिपॲडव्हायझर या ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांशी २०२० मध्ये करार करून त्यांच्याकडून रात्रींचे आकडे घ्यायला सुरुवात केली, ते वेगळ्या तक्त्यात मिळतात. ते हॉटेलच्या आकड्यात सरळ मिसळू नका, छोटी हॉटेलं दोन्हीकडे मोजली गेलेली असू शकतात.

मायोर्का, मेनोर्का, माल्टा, क्रीट, हवाई अशा बऱ्याच बेटांचा लिस्टिंगचा, म्हणजे एअरबीएनबीवर भाड्याने टाकलेल्या जागांचा, डेटा इनसाइड एअरबीएनबी या साइटवर फुकट मिळतो. फाइल उघडली की लगेच एकूण ओळी मोजून "इतकी घरं" असं लिहू नका. आधी वर्षभरात एकही रिव्ह्यू नसलेली लिस्टिंग बाजूला काढा, ती बहुतेक बंद असतात. मग पूर्ण घर आणि घरातली एक खोली हे वेगळं करा, दोन्हीचा बेटावर होणारा परिणाम फार वेगळा आहे, पूर्ण घर म्हणजे तिथे राहू शकलं असतं असं एक कुटुंब कमी. मग एकाच मालकाच्या नावावर किती घरं आहेत ते बघा. रिव्ह्यूवरून बुकिंगचा अंदाज काढताना ती साइट दोन पाहुण्यांपैकी एक रिव्ह्यू लिहितो असं धरते, तो अंदाज आहे हे लिहूनच वापरा. आणि कॅलेंडरवर बंद दिसणारी तारीख भरलेलीच असेल असं नाही, मालकाने स्वतःसाठीही अडवलेली असते.

नियम कधी बदलले त्याचा एक कॉलम असू दे. मायोर्काची राजधानी पाल्माने २०१८ मध्ये फ्लॅट पर्यटकांना द्यायला बंदी केली, आइसलँडमध्ये २०१७ पासून स्वतःचं घर वर्षात ९० दिवसांपर्यंत नुसत्या नोंदणीवर देता येतं. फिलिपिन्सने बोराकाय बेट एप्रिल ते ऑक्टोबर २०१८ पूर्ण बंदच ठेवलं, उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा घातली आणि नियम पाळणाऱ्या हॉटेलांनाच परवानगी दिली. अशा तारखेला ग्राफमध्ये जी पायरी दिसते ती पाहुण्यांच्या मनातून आलेली नसते.

शेवटचा भागाकार

रोज रात्रीचे पर्यटक भागिले राहणारे लोक. हवाईत २०१९ ला रोज सरासरी अडीच लाखांच्या आसपास पर्यटक आणि वस्ती चौदा लाख, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक. हवाईचं खातं ही रोजची सरासरी स्वतःच छापतं. स्पेनची बॅलेरिक बेटं (मायोर्का, मेनोर्का वगैरे) तर त्याच्याही पुढे, तिथली सांख्यिकी संस्था रोज बेटांवर एकूण किती माणसं होती याचा अंदाज काढते, वस्ती साधारण १२ लाख आणि ऑगस्टमध्ये हा आकडा २० लाखांच्या वर जातो. पाणी, कचरा, रस्ते, दवाखाने यांचा विचार करायचा तर वर्षाची सरासरी नाही, हा ऑगस्टचा आकडा घ्यायचा. तुमच्या बेटाचा असा आकडा छापलेला नसेल तर सगळ्यात गर्दीच्या महिन्याची आगमनं गुणिले त्या महिन्याचा मुक्काम भागिले ३१, चालतं काम.

शीट झाली की प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठल्या तारखेला उतरवला ते लिहा. महिन्याचे आकडे आधी तात्पुरते येतात आणि नंतर गुपचूप बदलतात, वर्षअखेरीचा रिपोर्ट आला की मागचे बाराही महिने परत एकदा जुळवून घ्या, मुक्कामाची सरासरी तर हमखास बदललेली सापडते.